राक्षसाला होळी पाहिजे

माझ्या नातीची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला टीव्हीवर कार्टूनचे सिनेमे लावून दिले की ती दोन तास जागची हलत नाही. त्यात एक राजकन्या असते, एक राजपुत्र असतो आणि दोघांवर टपून बसलेलं कुणीतरी दुष्ट माणूस असतं. राजकन्येचं गाणं सुरू झालं की ही पाणी प्यायला उठते. दुष्टाचं गाणं लागलं की मात्र पलंगावर चढते, भुवया ताणते, दोन्ही हात पसरते आणि घसा बसेपर्यंत त्याच्याबरोबर गाते. परवा तिची आई मला म्हणाली, "आज्जी, एवढी छान छान गाणी सोडून हिला नेमकं त्या मेल्याचंच गाणं कसं आवडतं?"

"रक्तातच आहे तिच्या. गाऊ दे," मी म्हटलं.

मला चेष्टेची सवय आहे, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. पण मी खरं तेच सांगत होते. आमच्या घरात एकदा अशाच एका गाण्यानं जे काम केलं ते घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांना मिळून आठ वर्षांत जमलं नव्हतं. त्या शहाण्यांत माझे आप्पाही आले आणि आज्जाही आले.

निपाणीपासून कोसभरावर आमचं गाव. जैनाचं शेतकरी घर, तंबाखूची रानं. माघात तंबाखू कापून रानात वाळत पडायची आणि गावात येणारा पाहुणा आधी शिंकायचा, मग बोलायचा. मी तेव्हा आठ वर्षांची. घरात आज्जा, आप्पा, आई आणि मी. चुलते शेजारच्या घरात वेगळे राहत. आज्जांचा शब्द दोन्ही घरांत चाले.

आई दूधगंगेच्या काठची, सात कोसांवरची. सात कोस म्हणजे बैलगाडीनं सकाळी निघालं तर तिसऱ्या प्रहरी पोचावं एवढंच. पण तिकडं सगळं कानडी. तिच्या माहेरी आईला अव्वा म्हणत आणि नदीच्या पाण्यावर वाढलेला भोपळा वेशीत येणाऱ्या प्रत्येकाला देत, असं ती सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी चार शब्द येत होते, त्यातले दोन 'व्हय' आणि 'नको'. पुढं ती छान बोलायला शिकली, पण त्या दोन शब्दांतला 'नको' तिच्या तोंडात कायमचा बसला. भाजी वाढू का, नको. बाजारातनं बांगड्या आणू का, नको. आप्पा निपाणीला निघाले की दारात थांबून विचारायचे, "काय आणायचं?" आणि आतनं उत्तर यायचं, "काय नको." आप्पा तरीही काहीतरी आणायचे. एकदा तर त्यांनी आणलेला आरसा ती दोन दिवस कागदात तसाच ठेवून नुसती बघत होती.

माहेरी मात्र ती जात नव्हती. जाऊ शकत नव्हती. कारण सांगितलं तर आजच्या पोरांना हसू येईल. आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आईच्या लग्नात नवऱ्याकडच्या वऱ्हाडाची पानं मांडली तेव्हा सूर्य बुडाला होता. पन्नास माणसं पाटावर बसली आणि तशीच उठली. आज्जांनी तिथंच सांगितलं, "उपाशी घालवलंसा. हिथनं पुढं आमचं येणं न्हाय, जाणं न्हाय." उशीर का झाला, तर आज्जांनीच नवरदेवाची मिरवणूक सगळ्या गावातनं दोनदा फिरवायचा हट्ट धरला होता. पण हे त्यांना सांगायचं कुणी? माझ्या वेळच्या बाळंतपणाला तेवढं आईला गड्याबरोबर पाठवलं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून. मी पाच महिन्यांची झाले तेव्हा गडीच परत घेऊन आला. त्यानंतर आठ वर्षं काही नाही. घरात कानडी बोलायचंही बंद होतं. आज्जा स्वतः चिकोडीच्या बाजारात असं खडाखडा कानडी बोलायचे की व्यापारी त्यांना तिकडचेच समजत. घरात आले की भाषा जोड्याबरोबर बाहेर काढून ठेवत.

त्या माघात गावात गोंब्यांचा खेळ आला.

गोंबी म्हणजे बाहुली, पण ही कापडाची नाही, चामड्याची. चामडं इतकं तासलेलं की त्यातून उजेड आरपार जावा. त्यावर तांबडे, हिरवे, काळे रंग. दोन खांबांना पांढरं धोतर ताणून बांधायचं, मागं एरंडेलाचा दिवा ठेवायचा आणि दिव्यापुढं त्या बाहुल्या नाचवायच्या. पुढं बसलेल्यांना धोतरावर रंगीत सावल्या दिसायच्या. सिनेमा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, त्यामुळं ह्याच्यापेक्षा भारी काही असेल असं वाटायचंच नाही. आम्ही दिवसाउजेडी जेवून मोकळे व्हायचो, म्हणून दिवे लागायच्या आधी पुढची जागा आमचीच. बाकीची पोरं भाकरी गिळत पळत यायची आणि आमच्या नावानं बोटं मोडायची. चामडं म्हणून आज्जा जरा लांब बसायचे, पण बसायचे.

आज्जांचा एक नियम होता. दिव्यात दुसऱ्यांदा तेल घालायच्या आत बायकापोरं घरी. खेळ तीन दिवस चालायचा आणि तिसऱ्या दिवशी शेवटी राक्षस मरायचा, तेव्हा दिव्यात कितव्यांदा तेल पडायचं कोण जाणे. त्यामुळं दर वर्षी राक्षस मेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगायचं आणि मला ते पटायचं नाही.

गोष्ट अगदी साधी. एक राक्षस नदी गिळून बसतो, गावं तहानेनं मरायला लागतात, मग एक राजपुत्र येऊन राक्षसाचं पोट फोडतो आणि नदी मोकळी करतो. राजपुत्र दिसायला गोरा, डोक्यावर मुकुट, पण त्याचा एकच हात हलायचा. गाणंही मिळमिळीत, सगळं देवाचं नाव. आमची आत्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, म्हणायची त्यातलंच वाटायचं. राक्षस मात्र तीन हात उंच. त्याचे दोन्ही हात हलत, जबडा उघडत-मिटत असे, पोटाला वेगळा सांधा होता. तो यायच्या आधी पडद्यामागनं घों घों आवाज सुरू व्हायचा, जमीन थरथरल्यासारखी वाटायची. मग तो यायचा आणि गायचा:

"एल्ला बेकु, नंग बेकु!
मुगिल बेकु, मळि बेकु,
होळि बेकु, नंग बेकु!"

खेळ कानडीत असायचा. बेकु म्हणजे पाहिजे, एवढं आमच्याकडच्या शेळ्यांनाही कळतं. पण मुगिल म्हणजे ढग, मळि म्हणजे पाऊस, 'नंग' म्हणजे 'मला' हे मराठी पोरांना कुठलं कळायला? आम्हाला वाटायचं राक्षस नंगा आहे आणि ते तो स्वतःच ओरडून सांगतोय. त्या शब्दाला पोरं हसून हसून लोळायची. आणि 'होळि बेकु' ऐकून मला वाटायचं, बिचाऱ्याला होळी पाहिजे. पुरणपोळी पाहिजे असणार. एवढा मोठा राक्षस, दोन-तीन डझन लागतील, असा माझा हिशेब.

पहिल्या दिवशी आम्ही घरी परतलो तेव्हा मला ते गाणं पाठ झालं होतं. अंथरुणात पडून मी ते हळू म्हणत होते. शेजारी आई होती. अंधारात मला तिचा आवाज आला, माझ्याबरोबर, अगदी बारीक. 'मुगिल' मी चुकीचं म्हणत होते ते तिनं नीट करून दिलं. एवढ्या वर्षांत आईला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्वारीचं पीठ घेऊन खेळवाल्यांच्या पालावर निघाली. मी मागं लागले. मला राक्षसाचा आवाज काढणारा माणूस बघायचा होता. ओढ्याकाठच्या चिंचेखाली त्यांची पालं होती. एक माणूस बाहुल्या पुसत होता. मी त्याला विचारलं, "राक्षस कोण म्हणतंय?" त्यानं चुलीकडं बोट दाखवलं. तिथं एक वाळकी, उंचीनं माझ्याहून थोडी मोठी, पांढऱ्या केसांची बाई भाकरी थापत बसली होती.

"तुमी?" मी म्हटलं.

ती हसली. तिला पुढचे दात नव्हते. हात झटकून तिनं शेजारची रिकामी घागर उचलली, तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि म्हणाली, "घों." मी दोन पावलं मागं सरकले. मग तिनं घागर माझ्यापुढं धरली. मी आत तोंड घालून 'नंग बेकु' म्हटलं आणि आतनं राक्षसच बोलला. त्या दिवसाएवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही.

"राक्षसाचंच गाणं एवढं झाक कसं? राजपुत्राचं कसं तसलं?" मी विचारलं.

"राजपुत्राला काय गाणं?" ती म्हणाली. "त्याला समदं आयतं मिळतंय. राक्षसाला मागाय लागतंय. मागायचं म्हंजे घसा लागतोय, पोरी."

गंमत अशी की ही माणसं खेळ कानडीत करत, पण आपसांत एक जुनीपानी, मोडकी मराठी बोलत. म्हातारी आईशीही त्याच मराठीत बोलायला लागली. कुठल्या गावची, माहेर कुठलं. आणि आई, आमच्या घरात आठ वर्षं कानडी न बोललेली आई, तिला कानडीत उत्तर देत होती. एक मराठी बोलत होती, दुसरी कानडी, आणि दोघींचं अगदी बिनबोभाट चाललं होतं.

आईच्या माहेरचं गाव ऐकून म्हातारी थांबली. ते लोक मागच्याच आठवड्यात तिथं खेळ करून आले होते. "बस्तीच्या मागं घर? दारात तुळस? तिथली म्हातारी?" आई मान हलवत होती. मग म्हातारी हळू म्हणाली, "वाढाय आली आमास्नी. भित चाचपत आली बघ. जवारी झोळीत टाकाय गेली आन् समदी भुईवर. डोळ्यावर सायच आलीया. उजेड आन् सावली एवढंच कळतंय म्हणत हुती."

आईनं पिठाची पाटी खाली ठेवली आणि परत उचलली, ती रिकामी होती तरी.

वाटेत मी विचारलं, "कुणाच्या डोळ्यावर साय आलीया?" आई म्हणाली, "कुणाच्या न्हाय." मी आठ वर्षांची असले तरी मूर्ख नव्हते. बस्तीच्या मागचं घर कुणाचं ते मला माहीत होतं. ज्या घरात मी जन्मले ते घर. अव्वानं मला पाच महिन्यांची असताना शेवटचं पाहिलं होतं आणि आता तिचे डोळे जात होते. आईला आता जायला पाहिजे होतं. पंचमीला नाही, पुढच्या वर्षी नाही, आत्ता, तिला थोडं तरी दिसतंय तोवर. आणि मला हेही माहीत होतं की आई ते मागणार नाही.

दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून विचारलं, "आई, राक्षसाला किती पुरणपोळ्या लागत असतील गं?"

"पुरणपोळ्या कशाला?"

"होळी पायजे म्हणतोय न्हवं."

आई हसली. पदर तोंडावर घेऊन हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खुळे, होळि म्हंजे आमच्याकडं नदी. त्यानं नदी गिळलीया, आणि आजून पायजे म्हणतोय." मग तिनं सुपातला एक खडा उचलला आणि तो टाकायचं विसरून हातातच धरून बसली. "आमच्या दारातनं दिसती होळि," ती म्हणाली. हसू कधी थांबलं आणि पाणी तेवढं उरलं ते मला कळलं नाही.

मी उठले आणि सरळ सोप्यात गेले. आज्जा पान लावत होते. मी समोर उभी राहिले. घागर नव्हती, म्हणून दोन्ही हातांचा भोंगा केला आणि राक्षसाच्या आवाजात म्हटलं, "आईला होळी पायजे!"

आज्जा दचकले, मग हसले. "होळीला आजून पंधरा-वीस दिस हायत की. सांग तिला, यंदा करू. गूळ आणतो चांगला."

माझी गोची झाली. होळि म्हणजे नदी, हे सांगायचं तर घरात कानडी बोलायला बंदी. नदी म्हणायचं तर मग ती राक्षसाची गंमत जाते. शिवाय मला वाटलं आज्जा एवढे हुशार, आपोआप समजतील. मी माघारी आले. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला जवळ ओढून माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "परत बोलू नगो. मला काय नको." तिच्या हाताला तांदळाचा वास येत होता.

मला त्या 'नको'चा असा राग आला म्हणून सांगू! अजून आहे. पुढं माझ्या मुलींना मी एकच शिस्त लावली, पाहुण्यांच्या घरी पोहे दिले तर पहिल्यांदाच 'हो' म्हणायचं. सासरकडची माणसं मला उर्मट म्हणाली, म्हणू देत.

संध्याकाळी दिवे लागले. आम्ही पुढं, आज्जा लांब, बायका डाव्या अंगाला. राक्षस आला. घों घों झालं. "एल्ला बेकु, नंग बेकु!" पोरं लोळायला लागली. "मुगिल बेकु, मळि बेकु," आणि मग "होळि बेकु!" आणि मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले, मागं वळले आणि सगळ्या गावादेखत आज्जांना ओरडून सांगितलं, "आज्जा, ही! ही होळी! आईला ही होळी पायजे!"

आज्जांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. त्यांना कानडी आईएवढंच येत होतं. राक्षस दुसऱ्यांदा 'होळि बेकु' म्हणाला. आज्जांनी मान वळवून बायकांच्या बाजूला बघितलं. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

ते उठले. मला वाटलं, संपलं आपलं. आप्पा अर्धे उठले आणि परत बसले. आज्जा आमच्याकडं न येता पडद्याच्या मागं गेले, आणि पुढच्या क्षणी धोतरावर राक्षसाच्या शेजारी एक भलंमोठं पागोटं उगवलं. सगळं गाव खो खो हसायला लागलं. राक्षस गायचा थांबला. पागोटं खाली घागरीपाशी बसलेल्या म्हातारीकडं वाकलं, हललं, काहीतरी विचारत होतं. राक्षस हात पसरून तसाच उभा होता, कारण त्याला धरणारा माणूसही ऐकत होता. बऱ्याच वेळानं पागोटं सरळ झालं आणि पडद्यावरनं निघून गेलं.

दिव्यात दुसरं तेल पडायच्या आधीच आम्हाला घरी नेलं. आज्जा उंबऱ्यावर बसले. आई आत दाराआड उभी होती. ते दाराकडं न बघता म्हणाले, "तुझ्या आईच्या डोळ्याचं मला कुणी सांगितलं न्हाय."



आप्पांना म्हणाले, "उद्या गाडी जुप. दोगींना घिऊन जा." आणि आप्पा आत वळले तेव्हा मागनं म्हणाले, "जेवाण तेवढं दिस हाय तवर करा म्हणावं." एवढं झालं तरी ते आज्जाच होते.

सकाळी निघालो. वेशीपर्यंत आई पदर कपाळावर ओढून खाली मान घालून बसली होती. शेवटचं तंबाखूचं रान मागं पडलं, माणसं दिसेनाशी झाली आणि पुढं बसलेल्या आप्पांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवून हळूच सुरू केलं, "एल्ला बेकु." आप्पांचा आवाज बेसूर होता आणि त्यांना कानडी धड येत नव्हतं. आईनं एकदम वर बघितलं. मग ती गायला लागली, मोठ्यानं, मग मी. सात कोस आम्ही ते एकच गाणं गात गेलो. राक्षसाच्या यादीत आम्ही आमच्या वस्तू घातल्या. मी भोवरा मागितला, पाटी मागितली, हत्ती मागितला. आप्पांनी नवे बैल मागितले. आई नुसती 'होळि बेकु' एवढंच म्हणत राहिली.

पोचलो तेव्हा दिवस दोन कासरे वर होता. बस्तीच्या मागं घर, दारात तुळस. अव्वा सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. चाकांचा आवाज ऐकून तिनं तोंड वळवलं, पण आमच्याकडं नाही, जरा बाजूला. आईनं तिचे पाय धरले. अव्वा तिच्या डोक्यावरनं, खांद्यांवरनं, हातांतल्या बांगड्यांवरनं हात फिरवत राहिली. मग तिनं मला विचारलं, म्हणजे माझ्याबद्दल विचारलं. आईनं मला पुढं केलं. अव्वानं माझं तोंड चाचपलं आणि मान हलवली. तिला बघायचं होतं.

दार मावळतीकडं होतं. आई मला म्हणाली, "दारात हुबी ऱ्हा. उजेडाकडं पाठ कर." मी उंबऱ्यावर उभी राहिले. पाठीमागं सगळं ऊन. आई म्हणाली, "हात पसर." मी पसरले. काय करायचं ते मला कुणी सांगायला नको होतं. मी भुवया ताणल्या, त्या तिला दिसणार नव्हत्या तरी, आणि जेवढा निघेल तेवढा जाड आवाज काढून म्हटलं, "एल्ला बेकु! नंग बेकु!"

अव्वा पुढं झुकली. डोळे बारीक केले. तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली. माझी सावली तिला दिसली होती. पाच महिन्यांचं पोर घेऊन गेलेली लेक आज एक राक्षस घेऊन आली होती.

मग तिनं एकदम उठून कमरेला पदर खोचला. जावई जेवायचे होते. आईनं मदत करू म्हटलं तर ऐकेना. चूल तिनंच पेटवली, हातांनी चाचपून भोपळा चिरला, पीठ मळलं, डबे वासावरनं ओळखले. आठ वर्षं ती ह्या एका जेवणाची वाट बघत होती. आम्ही तिघं चुलीपुढं बसून तिच्या हातांकडं बघत होतो आणि दारातलं ऊन पिवळ्याचं तांबडं होत होतं. भाकऱ्या व्हायला वेळ लागला. एक करपली, ती तिनं परत केली. ताट वाढायला घेतलं तेव्हा बाहेर नदीपलीकडं सूर्य बुडाला होता. उजेड होता, पण दिवस गेला होता.

आईनं ते पाहिलं. आप्पांनीही पाहिलं. अव्वा ताट हातात धरून उभी होती. तिनं मान वर करून विचारलं, मोडक्यातोडक्या मराठीत, खास जावयासाठी जुळवलेल्या, "दिस हाय न्हवं?"

मी तोंड उघडलं होतं, आईनं माझा हात दाबला. आप्पांनी एकदा दाराकडं बघितलं. जन्मात त्यांनी सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"हाय की," ते म्हणाले. "लई हाय आजून. वाढा."

आणि ते जेवले. नीट, सावकाश, दोन भाकरी आणि भोपळ्याची भाजी, वर दही. आम्हीही जेवलो. अव्वा समोर बसून चावण्याचा आवाज ऐकत होती. माझे आप्पा कधी मोठ्यानं बोलले नाहीत, आज्जांपुढं कधी उभे राहिले नाहीत, गावात त्यांना कुणी शूर म्हटलं नाही. मला मात्र त्या ताटावर बसलेल्या आप्पांएवढं माणूस पुढं कधी भेटलं नाही. हे मी त्यांना जिवंतपणी सांगायला हवं होतं.

जेवणं झाल्यावर अव्वानं आईला जवळ बसवलं. हातात हात घेऊन तिनं विचारलं, "निनग एन बेकु?" तुला काय पाहिजे.

मला उत्तर पाठ होतं. काय नको. ती तेच म्हणणार म्हणून मला आधीच राग आला.

पण आईनं अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "एल्ला बेकु, अव्वा." सगळं पाहिजे. आणि लहान पोरासारखी रडायला लागली. अव्वा तिच्या केसांतून हात फिरवत 'हूं, हूं' म्हणत राहिली. दाराबाहेर दूधगंगा होती, माघातली, रोडावलेली.

आठ दिवस राहून परत आलो. भोपळे घेऊन आलो. आज्जांनी गाडी अंगणात यायच्या आधीच विचारलं, "दिस असताना जेवलासा न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

आई बैलांना पाणी दाखवायला वळली. मी भोपळे मोजायला लागले. त्यानंतर दर पंचमीला आम्ही जात राहिलो, अव्वा गेली त्या सालापर्यंत. पुढं पुढं तिला सावलीही दिसेना, मग मी गाणं म्हणत दारातून आत यायची.

त्या पहिल्या खेपेला परत आल्या दिवशीच शेजारची मैत्रीण पळत आली. खेळाचा तिसरा दिवस आमचा चुकला होता. "राक्षस मेला!" ती म्हणाली. "ह्या बारीला मी जागी ऱ्हायलो. पोट टर्रकन फाटलं आन् आतनं निळं कापड आलं. लई मजा!" मला मजा वाटली नाही. मी चुलीपुढं आईकडं गेले आणि माझा आवाज रडवेला झाला.

"आई, राक्षस मेला म्हणं. खरं काय गं?"

आई भोपळा चिरत होती. तिनं विळी थांबवली, सोप्यात बसलेल्या आप्पांकडं एकदा बघितलं आणि परत चिरायला लागली.

"आपण कुटं बघितलंय?" ती म्हणाली.